खांबाच्या पायाशी काय काय असतं?

गेल्या पावसाळ्यानंतर घरातलं बाथरूम नव्याने करून घेत होते. टाइल्स ठरल्या, नळ ठरले, आणि मिस्त्रींनी विचारलं, "ताई, डॅडो कुठपर्यंत घेऊ? सात फूट, की पार स्लॅबला भिडवू?" सात फूट म्हणून मी मोकळी झाले, पण तो शब्द डोक्यातून जाईना. डॅडो म्हणजे इटालियन भाषेत फासा. सोंगट्या खेळताना टाकतो तो. बाथरूमच्या भिंतीवर चढणाऱ्या टाइल्सना फासा का म्हणायचं?

उत्तर हवं असेल तर ग्रीक आणि रोमन खांबांच्या पायाशी जाऊन बसावं लागतं. बांधकामावरचे कितीतरी शब्द तिथून निघालेत. प्लिंथ, पेडेस्टल, डॅडो, खुद्द कॉलम. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, टाइल्सवाले दिवसभर हे शब्द बोलत असतात, पण ज्या वस्तूंची ती मूळ नावं, त्या वस्तूंकडे कुणी बघत नाही. जुन्या चर्चमध्ये किंवा कुणाच्या रोमच्या सहलीच्या फोटोत आपली नजर थेट खांबाच्या डोक्याकडे जाते. तिथे पानं असतात, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळसे असतात. पायाशी नुसत्या आत-बाहेर जाणाऱ्या कडा. मलाही त्या बरीच वर्षं कंटाळवाण्या वाटायच्या. एकदा पेन्सिल घेऊन त्यातली एक मापाने काढून बघितली आणि मत बदललं. ते माप पुढे देते आहे.

आधी अडचण काय आहे ते बघू, मग नावं आपोआप लागतील. खांब गोल, उभा आणि जड. जमीन सपाट. हे दोघं भेटतात तिथे तीन कटकटी असतात. पहिली वजनाची, कारण सगळा भार बारीकशा वर्तुळात एकवटतो. दुसरी ओलीची आणि माराची. पाणी, झाडू, बादल्या, गाड्यांची चाकं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय, सगळं खांबाला खालीच लागतं. तिसरी कटकट डोळ्यांची. गोल दांडा नुसताच सपाटीवर टेकवला, तर तो वर उभा आहे की खाली रुतत चाललाय हे चटकन कळत नाही.

यातली दुसरी कटकट आपल्या सुतारांना चांगली ठाऊक होती. जुन्या वाड्यात बघा, सागवानी खांब थेट जमिनीवर उभा नसतो. खाली दगडी तळखडा असतो. लाकूड मातीला लागलं की ओल चढते आणि ओलीमागून वाळवी येते, म्हणून दगडाने त्याला वर उचलून धरायचं. क्रीट बेटावर नॉसॉसच्या राजवाड्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी, लाकडी खांबांखाली अशाच दगडी चकत्या होत्या. लाकूड केव्हाच गेलं, चकत्या उरल्या.

आता गंमत बघा. ग्रीकांच्या सगळ्यात धिप्पाड खांबाला, डोरिक खांबाला, तळच नाही. अथेन्सचं पार्थेनॉन घ्या, इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळातलं. त्याचे बाहेरचे खांब साधारण १०.४ मीटर उंच आणि खाली १.९ मीटर जाड आहेत, आणि ते चक्क अनवाणी उभे आहेत. मंदिराभोवती तीन उंच पायऱ्या असतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या पायरीला स्टायलोबेट म्हणतात. 'स्टायलोस' म्हणजे खांब, आणि 'बेट' हा तुकडा पाऊल टाकण्याच्या धातूतून आलेला. 'बेस' हा शब्दही त्याच धातूचा. थोडक्यात, डोरिक खांबांना प्रत्येकी वेगळा जोडा नाही, सगळ्यांच्यात मिळून एक सतरंजी अंथरलेली आहे. ही सतरंजी दिसते सपाट, पण मध्यभागी किंचित फुगलेली आहे. पार्थेनॉनच्या आखूड बाजूंना सुमारे ६ आणि लांब बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर. एकदम सपाट ठेवली असती तर ती डोळ्यांना मधोमध खचल्यासारखी वाटली असती, असं त्याचं एक जुनं स्पष्टीकरण आहे. पावसाचं पाणी निथळून जातं हा फायदा तर आहेच.

खांबाला जोडा चढला तो ग्रीकांच्या दुसऱ्या, आयोनिक खांबपद्धतीत. 'जोडा' हा शब्द माझा नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने वास्तुकलेवर दहा भागांचा ग्रंथ लिहून सम्राट ऑगस्टसला अर्पण केला. त्यात तो एक गोष्ट सांगतो. पुरुषाचं पाऊल त्याच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याइतकं असतं, म्हणून डोरिक खांब जाडीच्या सहापट उंच केला. पुढे डायना देवीच्या मंदिराची वेळ आली तेव्हा खांब स्त्रीच्या बांध्याचा करायचं ठरलं. मग जाडीच्या आठपट उंची घेतली, डोक्याशी केसांच्या बटांसारखे वळसे ठेवले, अंगावर वस्त्राच्या चुण्यांसारख्या उभ्या पन्हळी कोरल्या आणि पायात जोड्याच्या जागी तळ घातला. इतिहास म्हणून ही गोष्ट फारशी विश्वासाची नाही. पण तळ ही पायात 'घालायची' वेगळी वस्तू आहे, हे तिच्यातून छान लक्षात राहतं.

चुंबळ, कप्पी आणि वीट

आता या जोड्याचे भाग. नावं लॅटिन, ग्रीक, इटालियन अशी मिसळलेली आहेत, पण आकार मोजकेच आहेत.

सगळ्यात खाली प्लिंथ. चौकोनी, बसका ठोकळा, खांबाखाली ठेवलेला पाट समजा. ग्रीक 'प्लिंथोस' म्हणजे वीट. आपल्याकडे हाच शब्द सगळ्या घराच्या जोत्याला लावला गेला. 'प्लिंथपर्यंत काम आलंय' म्हणतो तो प्लिंथ हाच.

त्यावर टोरस. बाहेर फुगलेलं, अर्धगोल छेदाचं जाड कडं. लॅटिनमध्ये 'टोरस' म्हणजे फुगवटा, गादी किंवा उशीसुद्धा. मराठीत याला याहून चांगला शब्द आहे: चुंबळ. डोक्यावर हंडा ठेवताना खाली कापडाचं गोल वेटोळं घेतात ना, अगदी तेच. वजन पडलं की चुंबळ दबते आणि बाजूला फुगते. टोरस दगडाचा असतो, तो काही दबत नाही, पण दबल्यासारखा दिसतो आणि त्यामुळे वर वजन आहे हे डोळ्यांना पटतं. व्हिट्रुव्हियस सबंध तळालाच 'स्पायरा' म्हणतो, म्हणजे वेटोळं. त्यालाही बहुधा दोरखंडाची किंवा चुंबळीची आठवण झाली असावी.

टोरसच्या उलटा स्कोशिया. आत गेलेली, सगळीकडून फिरणारी पन्हळ. ग्रीक 'स्कोटोस' म्हणजे अंधार. या खाचेत कायम सावली असते म्हणून हे नाव. तिचं दुसरं ग्रीक नाव 'ट्रोखिलोस', म्हणजे कप्पी. विहिरीवरच्या कप्पीला दोर बसण्यासाठी जी खाच असते ती आठवा, आकार डोळ्यांसमोर येईल. स्कोशिया म्हणजे नुसतं अर्धवर्तुळ मात्र नव्हे. तिची सर्वांत खोल जागा वरच्या बाजूला असते आणि खालचा ओठ वरच्यापेक्षा जास्त पुढे येतो. त्यामुळे ती कंपासने एका झटक्यात काढता येत नाही. वर छोट्या त्रिज्येचा कंस आणि खाली मोठ्या त्रिज्येचा, असे दोन जोडावे लागतात. असं का, हे खांबाजवळ उभं राहिलं की कळतं. तळ आपल्या पावलांशी असतो आणि आपण त्याच्याकडे वरून बघतो. खालचा ओठ पुढे आला नसता तर पन्हळीचं पोट दिसलंच नसतं.

या दोन वळणांच्या मध्ये फिलेट. बारीक, सपाट, उभी पट्टी. हिला स्वतःचं काही रूप नाही. फुगीर आणि खोलगट आकार एकमेकांत विरघळू न देणं एवढंच तिचं काम. फुगवटा थेट खाचेत उतरवला तर गिळगिळीत दिसतो. मध्ये बोटभर पट्टी आली की दोन्ही आकार स्वच्छ सुटे होतात. साडीचं अंग आणि पदर यांच्यामध्ये काठ जे करतो ते.

फिलेटच्या जागी कधी बारीक गोलसर कडा असते. ती ॲस्ट्रॅगल, म्हणजे टोरसचं धाकटं भावंड. ग्रीकमध्ये हे घोट्यातल्या एका हाडाचं नाव. मेंढीच्या घोट्याची ही हाडं ग्रीक मुलं आणि जुगारी फासे म्हणून वापरायचे. थोडक्यात, खांबाच्या पायाशी आपल्याला फासे एकदा नाही, दोनदा भेटतात.

तळ संपला की खांबाचं खोड सुरू होतं. पण ते तळावर काटकोनात उतरत नाही. शेवटच्या काही बोटांत ते हलकेच बाहेर वळतं आणि एका पट्टीवर टेकतं. या वळणाला अपोफिजी म्हणतात, ग्रीकमध्ये 'पळून जाणं'. गच्चीवर फरशी आणि कठडा यांच्या सांध्यात सिमेंटचा वाटा मारतात, तसला हा अंतर्गोल कोपरा. हे वळण आणि त्याखालची पट्टी बहुतेक वेळा तळाच्या दगडात नाही, तर खांबाच्याच दगडात कोरलेली असते. त्यामुळे खांब तळावर बसवला की सांधा पट्टीच्या खालच्या रेषेत लपून जातो.

पेन्सिल घ्या

एवढे आकार कळले की तळ 'वाचता' येतो. सगळ्यात प्रसिद्ध तळ म्हणजे ॲटिक. ॲटिका हा अथेन्सचा प्रांत, तिथला म्हणून ॲटिक. खालून वर मोठा टोरस, फिलेट, स्कोशिया, फिलेट, छोटा टोरस. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये हा आकार पक्का झाला. पार्थेनॉनच्या शेजारच्या एरेक्थिऑन मंदिरात, इ.स.पू. ४२१ ते ४०६ च्या सुमाराच्या, तो बघायला मिळतो. तिथल्या उत्तरेकडच्या मंडपात वरच्या टोरसवर वेणीची नक्षी कोरलेली आहे. मात्र ग्रीकांच्या या तळाला खाली चौकोनी प्लिंथ नव्हता. तो रोमनांनी नेमाने घालायला सुरुवात केली.

व्हिट्रुव्हियसने या तळाचं माप दिलंय, आणि तेच मी काढून बघितलं होतं. समजा खांबाची खालची जाडी ६० सेंटिमीटर आहे. तळाची एकूण उंची जाडीच्या निम्मी, म्हणजे ३०. त्यातले वरचे २० सेंटिमीटर, म्हणजे जाडीचा तिसरा हिस्सा, गोल भागांना. उरलेले १० प्लिंथला. आता त्या २० चे चार भाग करा, प्रत्येकी ५. एक भाग वरच्या टोरसला: ५. उरलेल्या १५ चे दोन समान वाटे: खालच्या टोरसला ७.५ आणि फिलेटसकट स्कोशियाला ७.५. झालं. १०, ७.५, ७.५, ५. खालून वर जाताना भाग लहान होत जातात, आणि खांबाची जाडी सोडली तर कुठलंही माप पाठ करावं लागत नाही. खांब दुप्पट जाड घेतला तर सगळं दुप्पट होतं. अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन वास्तुकलेत सेंटिमीटर किंवा इंच नसतातच म्हणा ना, खांब स्वतःच फूटपट्टी असतो.

आता या आकृतीत छाया भरा. ऊन वरून येतंय असं धरा. खालच्या टोरसचा माथा उजळ आणि पोटाकडे हळूहळू काळोख. स्कोशियात नेमकं उलट: वर गडद अंधार, कारण वरच्या टोरसची सावली तिथे पडते, आणि खालच्या ओठाशी थोडा उजेड. फिलेटवर उजेडाची बारीक, सरळ रेघ. मग पुन्हा टोरस, उजळ ते गडद. अवघ्या २० सेंटिमीटरमध्ये उजेड-अंधाराची तीन आवर्तनं होतात. संगमरवर पांढरा, सगळीकडे एकाच रंगाचा. हातात दुसरा रंगच नाही, तर सावलीने रंगवायचं. म्हणूनच हे तळ ढगाळ दिवशीच्या फोटोत मेलेले दिसतात आणि कडक उन्हात जिवंत होतात. स्कोशियाला 'अंधार' असं नाव देणाऱ्याला हे पुरेपूर समजलं होतं.

डोळ्यांची कटकटही इथेच सुटते. खांब वरून खाली येतो, जरा बाहेर वळतो, एका चुंबळीवर बसतो, मधे दम घेतो, मोठ्या चुंबळीवर पसरतो आणि चौकोनी पाटावर थांबतो. गोलाचा चौकोन होतो. रुतण्याची शंकाच राहत नाही.

एक बारीक अडचण मात्र उरते. गोल टोरस चौकोनी प्लिंथवर बसला की प्लिंथचे चार कोपरे उघडे पडतात. रोमनांना त्याचं काही वाटलं नाही. पुढे मध्ययुगात युरोपातल्या पाथरवटांना ते रिकामे कोपरे खुपले असावेत, कारण त्यांनी टोरसवरून कोपऱ्यात घसरणारं दगडी पान किंवा पंजा कोरायला सुरुवात केली. अकराव्या-बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये असे कोपरे शोधायला मजा येते.

हाच चौकोन आणि गोलाचा प्रश्न कार्ल्याच्या लेण्यात वेगळ्याच हाताने सोडवलेला आहे. तिथल्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग आहे. प्रत्येक खांबाखाली पायऱ्यापायऱ्यांनी लहान होत गेलेले चौकोनी थर, त्यावर गोल घट, आणि घटातून निघालेलं अष्टकोनी खोड. लाकडी खांब मडक्यात बसवायच्या जुन्या पद्धतीची ही दगडी आठवण असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर पुन्हा तळखड्याचीच गोष्ट. ग्रीक टोरसशी या घटाचा काही संबंध जोडायचं कारण नाही. अडचण तीच होती, उत्तर इथलं होतं. आणि स्तूपाच्या मागे वळलात तर तिथले सात खांब साधे अष्टकोनी आहेत, ना खाली घट ना वर शीर्ष. तळ काढून टाकला की खांब कसा दिसतो, हे त्याच खोलीत ताडून बघता येतं.

बाकीचे जोडे

ॲटिक तळ इतका सोयीचा ठरला की रोमनांनी तो आयोनिक, डोक्याशी पानं असलेला कॉरिंथियन, मिळेल त्या खांबाला घातला. पण इतरही जोडे होते.

टस्कन सगळ्यात साधा: एक प्लिंथ, एक टोरस आणि वर वळणाची पट्टी. व्हिट्रुव्हियसच्या टस्कन तळात प्लिंथसुद्धा गोल आहे, चौकोनी नाही. निम्मी उंची प्लिंथला, निम्मी टोरस आणि वळणाला. नंतरच्यांनी तो चौकोनी केला. रोमन डोरिकलाही पुढे असाच साधा तळ मिळाला, टोरसवर एक ॲस्ट्रॅगल जास्त, एवढाच फरक. अनवाणी डोरिकच्या पायात शेवटी वहाण आलीच.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले आणि लगतच्या बेटांवरचे आयोनिक तळ मात्र भलतेच हौशी. सामोस बेटावर हेरा देवीच्या मंदिरात, इ.स.पू. सहाव्या शतकात, टोरस आणि त्याखालचा गोल ठोकळा दोन्हींवर आडव्या पन्हळी फिरवल्या होत्या. त्या इतक्या नेमक्या आहेत की दगड लेथसारख्या यंत्रावर फिरवूनच कोरले असणार. एफेससच्या आर्टेमिस मंदिरात दोन स्कोशिया, मधे जोडीजोडीने ॲस्ट्रॅगल आणि वर एक मोठा टोरस असा तळ होता. त्या मंदिराचे बरेच खांब लिडियाचा अतिश्रीमंत राजा क्रीसस याने दिले होते असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आणि तळाच्या कोरीव कडांच्या सापडलेल्या तुकड्यांवर त्या दानलेखाची अक्षरं आहेत. ते तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दात्याने नाव कोरायला खांबाचा पायाच निवडला. देवळाच्या पायरीवर नाव घालणाऱ्या आपल्याकडच्या दात्यांना हे सांगायला हवं.

व्हिट्रुव्हियसने याच पूर्वेकडच्या घडणीवरून आयोनिक तळाचं माप दिलं. रुंदीसाठी खांबाच्या जाडीत तिचाच एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश मिळवायचा, म्हणजे ६० च्या खांबाला ८२.५ सेंटिमीटर. प्लिंथनंतर उरलेल्या उंचीचे सात भाग. त्यातले तीन एकट्या टोरसला, आणि तो टोरस सगळ्यात वर. खाली दोन बारीक स्कोशिया. मला हा तळ अजिबात आवडत नाही. वरचं कडं जाड आणि खालचे भाग नाजूक, जणू उतरंडीत मोठं मडकं वर ठेवलंय. त्याच्यापेक्षा ॲटिकला पसंती देणारे नंतरच्या काळात पुष्कळ निघाले, त्यात इटलीचा वास्तुकार पल्लादियोही होता.

कॉरिंथियन तळ म्हणजे ॲटिकचीच श्रीमंत आवृत्ती. दोन टोरसच्या मध्ये एकाऐवजी दोन स्कोशिया आणि त्या दोघींच्या मध्ये ॲस्ट्रॅगलची जोडी. सम्राट हेड्रियनच्या काळातल्या रोमच्या पँथिऑनच्या दर्शनी मंडपात सोळा खांब आहेत. प्रत्येकाचं खोड इजिप्तहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या एकाच अखंड दगडाचं, सुमारे ११.८ मीटर उंच आणि सुमारे ६० टनांचं. तळ आणि शीर्ष मात्र पांढऱ्या संगमरवराचे. हे दोन दगड का? ग्रॅनाइट कठीण, तो गुळगुळीत करता येतो पण बारीक कडा कोरायला फार छळतो. संगमरवर छिन्नीला वश होतो. म्हणून जिथे नुसती ताकद हवी तिथे ग्रॅनाइट आणि जिथे सावलीचा खेळ हवा तिथे संगमरवर.

जोड्याखाली पेटी

इथपर्यंत तळ झाला. त्याच्याही खाली कधी कधी एक उंच ठोकळा असतो, तो पेडेस्टल. इटालियन 'पिएदिस्तालो', त्यात 'पिए' म्हणजे पाय. आपल्याकडे पेडेस्टल पंखा आला, पेडेस्टल वॉश बेसिन आलं, आणि आरसीसी कामात फूटिंग आणि कॉलमच्या मधल्या बुटक्या खांबालाही पेडेस्टल म्हणतात. अभिजात खांबाच्या संदर्भात मी त्याला बैठक म्हणेन.

ग्रीकांनी बैठक फारशी वापरली नाही, रोमनांनी भरपूर वापरली. कारण सोपं आहे. खांबाची उंची जाडीला बांधलेली. खांब आणखी उंच हवा तर जाडही करावा लागतो, आणि जाड खांब म्हणजे जास्त दगड, जास्त जागा, जास्त पैसा. त्यापेक्षा आहे तोच खांब बैठकीवर चढवा. शिवाय कलोसियमसारख्या मजल्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कमानींना कठडा लागतो. कठड्याच्या उंचीची बैठक दिली की अर्धस्तंभाचा तळ कठड्यामागे बुडत नाही.

बैठकीचे भाग तीन. खाली तिचा स्वतःचा पाया, ज्यात पुन्हा एक प्लिंथ आणि वर काही कडा. मध्ये सपाट, उभा ठोकळा. वर बाहेर डोकावणारी टोपी, जी पावसाचं पाणी ठोकळ्यावरून ओघळू न देता दूर पाडते. तो मधला ठोकळा म्हणजेच डॅडो. फाशासारखा चौकोनी, म्हणून फासा. त्याची रुंदी खांबाच्या तळातल्या प्लिंथइतकीच ठेवतात, त्यामुळे वरचा भार सरळ रेषेत खाली उतरल्यासारखा दिसतो. गावातल्या चौकातल्या पुतळ्याचा चौथरा बघा, बहुतेक वेळा हेच तीन भाग दिसतील, आणि पाटी नेमकी फाशावर असेल.

बैठकीचं सर्वांत नाट्यमय उदाहरण म्हणजे रोममधला सम्राट ट्राजनचा स्तंभ, इ.स. ११३ मधला. स्तंभ सुमारे ३० मीटर, बैठकीसकट सुमारे ३५. डेशियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या, युद्धाची कथा खोडावर सर्पिलाकार चढत जाते आणि सगळे फोटो तिचेच काढतात. पण पायाशी बघा. बैठकीच्या डॅडोवर हरलेल्या डेशियन सैन्याच्या शस्त्रांचा ढीग कोरलाय: ढाली, चिलखतं, शिरस्त्राणं. बैठकीला दार आहे, आत खोली आहे, आणि तिथे सम्राटाच्या अस्थी सोन्याच्या कलशात ठेवल्या होत्या. आणि वर, खांबाचा टोरस चक्क पानांचा हार आहे. विजयी सेनापतीच्या डोक्यावर घालतात तो लॉरेलचा हार, प्रचंड आकारात, खांबाच्या पायात. गोल कडं कुठल्याही खांबाला लागतंच. पण त्याच कड्याचा हार करायचं ज्याला सुचलं, त्याला नुसतं मापच नाही तर अर्थही कळत होता.

बैठक किती उंच असावी, याचा सोपा हिशेब इटलीच्या विन्योला या वास्तुकाराने १५६२ मध्ये मांडला. एकूण उंचीचे १९ भाग करायचे. ४ बैठकीला, १२ खांबाला, ३ वरच्या आडव्या पट्ट्याला. ५.७ मीटरची भिंत असेल तर एक भाग ३० सेंटिमीटरचा: बैठक १.२ मीटर, खांब ३.६, पट्टा ०.९. म्हणजे बैठक खांबाच्या एक तृतीयांश. गंमत म्हणजे कॉरिंथियनच्या वेळी बैठकीची उंची हिशेबाने ६⅔ मॉड्यूल येत होती, तिथे या नियमवाल्याने सरळ ७ घेतले. मॉड्यूल म्हणजे खांबाची निम्मी जाडी.

आता बाथरूमकडे. पुढे युरोपातल्या खोल्यांमधून खांब काढले तरी बैठकीच्या रेषा भिंतीवर राहिल्या. जमिनीलगतची स्कर्टिंग म्हणजे बैठकीचा पाया. खुर्चीच्या पाठीच्या उंचीला फिरणारी लाकडी पट्टी म्हणजे बैठकीची टोपी. आणि त्या दोघींच्या मधला भिंतीचा पट्टा म्हणजे डॅडो, जिथे खुर्च्या घासतात, पाणी उडतं, हात लागतात. म्हणून तिथे लाकडी फळ्या, पुढे टाइल्स. खांबाच्या पायाला ओल आणि मार यांपासून वाचवायचं जे काम, तेच भिंतीच्या पायाला. आमच्या बाथरूममध्ये शॉवरमुळे तो सात फुटांपर्यंत चढला एवढंच.

टाइल्स लावून झाल्यावर वरची कड उघडी राहिली होती, टाइलची जाडी दिसत होती. मिस्त्री म्हणाले, "इथं एक बारीक पट्टी घेऊ ताई, नाहीतर अर्धवट दिसतं." त्यांनी अर्ध्या इंचाची पट्टी कापली, सरळ रेषेत बसवली आणि अंगठ्याने ग्राउट पुसून काढलं.